मदत हवी आहे: जुना दगडी धक्का, गटारातून उलटं चढणारं पाणी

धक्क्यावर ६० सेंमीचा कठडा चढवायचा प्रस्ताव आहे. पण उधाणाला पाणी भिंतीवरून येतच नाही, पावसाळी गटारांतून उलटं वर येतं. (व्हेनिसमध्येही भरती अडवणारी समुद्रातली दारं साधारण ११० सेंमीच्या भरतीला उचलतात, पण सखल सेंट मार्क चौक त्याआधीच गटारांतून वर आलेल्या पाण्याने भिजतो.) ४५० मिमी पाइपच्या तोंडावरची लोखंडी झडप शिंपले, गाळ अडकून बोटभर उघडी राहते. त्याऐवजी रबरी डकबिल झडप (बदकाच्या चोचीसारखी, पाणी बाहेर सोडते पण आत येऊ देत नाही) टिकेल का? पाइपचं तोंड भरतीत पूर्ण बुडतं. शिवाय भरती आणि मुसळधार पाऊस एकदम आले तर आतलं पाणी तुंबणार, ते टाकीत जमवून पंपाने उपसावं लागेल. पंपाच्या टाकीचा आकार कसा काढता? धक्क्याच्या दगडांमधले सांधे चुन्यानेच भरणार. सिमेंटमागे ओल आणि क्षार अडकून दगडाचे पापुद्रे सुटतात.