शब्दचर्चा : ‘बेर्ग हाइल’चं मराठीत काय करायचं?

प्रश्न : ऑस्ट्रियातल्या एका गिर्यारोहकाच्या आठवणी मराठीत आणतेय. माथ्यावर पोचले की सगळे हात मिळवतात आणि ‘बेर्ग हाइल’ म्हणतात. मराठी वाचकाला ‘हाइल’ म्हटलं की पुढे एकच नाव आठवणार. तसंच ठेवू की ‘जय गिरिराज’ वगैरे करू? आणि हा शब्द आज तिकडे चालतो का?

प्रतिसाद : चालतो. ‘हाइल’ म्हणजे क्षेम, कल्याण. जखम भरून येणं यासाठीचं ‘हाइलन’ हे क्रियापद त्याच घरातलं. गळ टाकून बसलेल्याला ‘पेट्री हाइल’ म्हणतात (हा पेट्री म्हणजे मासेमारांचा संत पीटर), तो ‘पेट्री डांक’ म्हणून उत्तर देतो. शिकाऱ्यांचं ‘वाइडमान्सहाइल’. स्वित्झर्लंडच्या जुन्या राष्ट्रगीतात ‘हाइल डिर, हेल्वेत्सिया’ होतं आणि ते १९६१ पर्यंत म्हटलं जायचं. यातल्या कशावरही कुणी पोलिसांत जात नाही.

गुन्हा ठरतो तो ‘हाइल हिटलर’, ‘झीग हाइल’ (‘झीग’ म्हणजे विजय) आणि पुढे ताणलेला हात. जुलै १९३३ मध्ये हिटलरचा गृहमंत्री फ्रिकने सरकारी नोकरांना हा नमस्कार सक्तीचा केला. आज जर्मन दंडसंहितेच्या ८६ अ कलमाखाली त्याला दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. कधीकधी शब्द अगदी साधेच असतात. ‘आलेस फ्युर डॉइचलांड’, म्हणजे ‘सर्व काही जर्मनीसाठी’, ही नाझींच्या एसए या निमलष्करी दलाची घोषणा. ती सभेत वापरली म्हणून ब्यॉर्न ह्योके या पुढाऱ्याला हाल्लेच्या न्यायालयाने २०२४ मध्ये १३,००० युरो दंड केला. साहेब पूर्वी इतिहासाचे शिक्षक!

‘बेर्ग हाइल’ मात्र बऱ्याच जर्मन गिर्यारोहकांना कायद्याच्या पलीकडच्या कारणाने खटकतं. जर्मन-ऑस्ट्रियन आल्पाइन संघाने ‘डोनाउलांड’ ही शाखा १९२४ मध्येच हाकलली, कारण तिच्यात बहुतेक सभासद ज्यू होते. हिटलर सत्तेवर यायला तेव्हा नऊ वर्षं होती.

आता तुमचं भाषांतर. ‘जय’ अजिबात नको. ‘जय’ म्हणजे विजय, घोषणा. म्हणजे मूळात नसलेला ‘झीग’ तुम्हीच आणून ठेवताय. ‘डोंगर पावला’ असं काहीतरी जवळ जातं.

प्रतिसाद : ‘फ्युरर’ची (म्हणजे नेता, हिटलरची पदवी) गंमत वेगळी आहे. जोडशब्दात बिनधास्त चालतो: ‘बेर्गफ्युरर’ डोंगरावरचा वाटाड्या, ‘फ्युररशाइन’ गाडीचं लायसन्स. सुटा ‘फ्युरर’ मात्र पुढाऱ्याला कोणी म्हणत नाही, तिथे ‘लायटर’ येतो. आणि आपण? ‘आमचे हेडमास्तर म्हणजे हिटलर’ हे कौतुकाने सांगतो. हेच वाक्य बर्लिनच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर टाकून बघा, सगळे आपापल्या ताटात बघायला लागतात.

प्रतिसाद : थोडं अवांतर, पण स्वस्तिकाबद्दल बोलूच. इथे जर्मनीत गृहप्रवेशाला सासूबाईंनी दाराबाहेर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मी ते पुसून उंबरठ्याच्या आत काढायला लावलं. त्या रागावल्या, ‘आमचं उजवं, त्यांचं डावं, एवढं कळत नाही का लोकांना?’ व्हॉट्सॲपवर हेच फिरतं आणि ते चूक आहे. नाझींचंही उजवंच होतं, बहुधा ४५ अंशात तिरकं. पण हिटलरच्या खासगी ध्वजावर सरळ उभंसुद्धा होतं. धार्मिक वापरावर इथे बंदी नाही, हे मला ठाऊक आहे. पण जिन्यात भेटणाऱ्या शेजारच्या आजींना मी कलमं समजावत बसणार नाही.

प्रतिसाद : मग वेगळं नावच वापरू या ना. नाझी त्याला ‘हाकेनक्रॉइत्स’ म्हणायचे, आकड्यांचा क्रूस. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये या नाझी चिन्हावर बंदी घातली तेव्हा हिंदू, बौद्ध आणि जैनांचा वापर स्पष्टपणे वगळला. आपला त्याच्याशी संबंध काय?

प्रतिसाद (पहिलाच) : इतिहासाच्या मराठी पुस्तकात ‘हाकेनक्रॉइत्स’ लिहावं, याला माझा पाठिंबा. पण ‘संबंधच नाही’ म्हणणं फार सोयीचं आहे. श्लीमन या जर्मन उत्खननकाराला प्राचीन ट्रॉय शहराच्या उत्खननात हे चिन्ह सापडलं, त्याने ते आपल्या स्वस्तिकाशी जोडलं, आणि पुढच्यांनी त्यावर ‘आर्य’ वंशाचं शेपूट लावलं. ते ‘आर्य’ कुठून उचललं, हे आपल्याला सांगायला नको. चिन्ह त्यांनी पळवलं हे खरंच, पण पळवताना आपलं नाव घेऊन पळवलं.

प्रश्नकर्ती : आभार. ‘बेर्ग हाइल’ तसंच ठेवते, पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच ‘डोंगर पावला’ असा अर्थ देते.

प्रतिसाद : उत्तम. फक्त आठवणी कोणत्या सालच्या ते बघा. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत गेला. त्यानंतरची आणि युद्ध संपण्याआधीची चढाई असेल, तर पहिली आवृत्ती मिळवून ताडून पाहा. माथ्यावर त्या लोकांनी नुसतं ‘बेर्ग हाइल’च म्हटलं होतं, की पुढचं नाव नंतरच्या आवृत्तीत गळलंय?