मदत हवी आहे: मणक्याला स्टेम सेल आणि सोबत औषधं, कोणी घेतलंय का?

साखळीकर: धाकटा भाऊ माडावरून पडला, मणक्याला मार आहे. परराज्यातल्या एका क्लिनिकने स्टेम सेलची ४ इंजेक्शनं आणि बरोबर औषधांचा कोर्स सांगितलाय. साडेसहा लाख. नुसत्या पेशींपेक्षा औषधं जोडून दिली की गुण येतो, परदेशात सिद्ध झालंय म्हणे. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. अनुभव असेल त्यानेच लिहा. 'देवावर भार टाका' नको, ते घरात सगळे सांगतातच.

फिजिओ_पेडणे: कितवा मणका? पडून किती दिवस झाले? कमरेखाली स्पर्श कळतो का? लघवीची नळी आहे? औषधं कोणती? निम्मी गोष्ट तुमच्या पोटातच राहिली.

माड_आणि_मी: माडावर चढायचं यंत्र का नाही वापरलं? आमच्याकडचा नारळ काढणारा पाडेली त्याच्याशिवाय चढत नाही.

साखळीकर: यंत्र होतं, खोपीत. तो विषय पुरे.
डी-१०, म्हणजे पाठीचा दहावा मणका. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन होऊन रॉड घातलेत. कागदावर 'एशिया ए' आहे, म्हणजे इजा पूर्ण, खाली ना हालचाल ना स्पर्श. नळी आहे. औषधं मिनोसायक्लीन आणि सायक्लोस्पोरिन. आणि उजव्या पायाचा अंगठा हलतो, मी डोळ्यांनी पाहिलाय. म्हणून तर धडपड.

गोळीवाले_काका: ३० वर्षं फार्मसी चालवली. मिनोसायक्लीन पोरं मुरमांसाठी न्यायची. सायक्लोस्पोरिन किडनी बदललेल्यांचं औषध, शरीराने परका अवयव झिडकारू नये म्हणून. प्रतिकारशक्ती पाडतं, किडनीलाही जड. नळीवाल्याला लघवीचा संसर्ग नवीन नाही, त्यात हे? आणि पेशी त्याच्याच असतील तर सायक्लोस्पोरिन कशाला? पेशी कोणाच्या, विचारलंत?

साखळीकर: नाही.

तैलधारा: माझ्या आईची सायटिका बस्तीने २१ दिवसांत गेली. आधी तेल लावून बघा.

गोळीवाले_काका: अहो बाय, सायटिका कुठे नि हे कुठे!

फिजिओ_पेडणे: ही जोडी हवेतली नाही. टोरांटोत डॉ. फेलिंग्स यांच्या संशोधक गटाने २००६ मध्ये मज्जारज्जूला इजा केलेल्या उंदरांत पेशी घातल्या, सोबत हीच दोन औषधं आणि पेशी वाढवणारी प्रथिनं. इजेनंतर २ आठवड्यांनी घातलेल्या पेशी तगल्या, उंदरांची चाल सुधारली. ८ आठवड्यांनी घातलेल्या फारशा तगल्याच नाहीत. म्हणून विचारतेय, किती दिवस?

साखळीकर: १४ महिने.

नवी_आशा: उंदरांचं कशाला सांगता? जपानमध्ये स्टेम सेल घेऊन माणूस उभा राहिला, बातमी आली होती.

फिजिओ_पेडणे: चौघांतला एक, केइओ विद्यापीठाची चाचणी, २०२५ मधली बातमी. त्या चौघांची इजा २ ते ४ आठवड्यांची होती. आपल्याकडे आयसीएमआर, म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे मणक्यासाठी स्टेम सेल मान्य चाचणीबाहेर देता येत नाहीत, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. सीटीआरआयचा, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा.

नवी_आशा: नियम बघत बसलं तर माणूस जन्मभर खाटेवर. तुमच्या घरचं माणूस असतं तर कळलं असतं.

फिजिओ_पेडणे: माझे वडील सहा वर्षं व्हीलचेअरवर आहेत, सी-६, मानेचा मणका. असो. साखळीकर, अंगठा तो सांगितल्यावर हलवतो की आपोआप हलतो? डोळे मिटायला सांगा, 'हलव' म्हणा, दहा आकडे मोजा.

माड_आणि_मी: यंत्राला पट्टा असतो एवढंच म्हणत होतो. राग नसावा.

साखळीकर: (रात्री ११.४०) केलं. तीनदा सांगितलं, कपाळावर घाम आला त्याच्या, अंगठा तसाच. मग आईने चादर ओढून घेतली आणि पाय ताडकन उडाला, अंगठ्यासकट. तोच म्हणाला, "दादा, हे मी नाही केलं."

फिजिओ_पेडणे: तो झटका. मेंदूचा ताबा सुटला की इजेखालचा मज्जारज्जू स्वतःच उसळतो. त्यावर बॅक्लोफेन नावाचं औषध असतं, बांबोळीच्या ओपीडीत विचारा. पाय अचानक जास्त उडू लागले असतील तर लघवीचा संसर्ग किंवा पाठीला जखम नाही ना, तेही बघून घ्या. चादर बाजूला करून उजेडात बघा.

साखळीकर: माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग आहे. दाबला तरी पांढरा होत नाही.

फिजिओ_पेडणे: आत्ताच कुशीवर वळवा. दर दोन तासांनी कूस बदला, त्या जागेवर भार नको. चोळू नका, तेलही नको. उद्या सकाळी दाखवा.

तैलधारा: नारळाचं तरी चालेल ना?

साखळीकर: वळवला. एक सांगायचं राहिलं, क्लिनिकला २५ हजार आगाऊ भरलेत. परत मिळतील का?

गोळीवाले_काका: पावती दिली का?