भाकरीला साखर म्हणणाऱ्या भावाला उत्तर

काळं रान
परवा आपल्या लातूरच्याच एका भावानं पोस्ट टाकली होती: "भाकरी म्हणजे साखरच. भाकरी, भात, चपाती बंद केली, अडीच महिन्यांत 11 किलो उतरलो. मराठवाड्याचं पोट भाकरीनं सुटलंय, सोडा ती." आधी म्हटलं जाऊ द्या. पण आईला वाचून दाखवलं तर ती टोपल्यावरचं फडकं सारखं करत म्हणाली, "मग आमी काय साखर खाऊन खुरपलं का?" म्हणून लिहायलोय.

भाऊ, पहिल्या आठवड्यात तुमचे तीन किलो गेले म्हणता, त्यातलं बरंचसं पाणी. शरीर यकृतात न् स्नायूंत ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेचा, साठा ठेवतं, साधारण अर्धा किलो, आणि दर ग्रॅममागं तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कर्ब, म्हणजे भाकरी-भातातलं पिष्ट न् साखर, तोडले की साठा उतरतो, पाणी लघवीवाटे जातं. एका लग्नात जिलेबी हाणली की आलंच परत. काट्याला पाणी न् चरबी वेगळी कळत नाही.

उरलेले किलो खरे, ते नाकारत नाही. पण तुम्हीच लिहिलंय की आधी दिवसाला सात चहा, संध्याकाळी गांधी चौकात भजे, रात्री अकराला शेव-चिवडा. ते सगळंच सुटलं की राव! आणि नाव खराब कुणाचं, भाकरीचं.

हलकाफुलका
ती पोस्ट माझी. सात नाही, पाच चहा. माझ्या तोंडी वाढवून घालू नका.

मुद्दा भुकेचा आहे. सकाळी पोहे खायचो तर अकराला पोटात कावळे. आता तीन अंडी, मूठभर शेंगदाणे, काकडी. दोन वाजेपर्यंत जेवणाची आठवण येत नाही. इन्सुलिन खाली राहिलं की साठवलेली चरबी मोकळी होते. शिवाय प्रथिनं पचवण्यातच त्यांच्या 100 कॅलरींतल्या 20-30 खर्ची पडतात. आणि ज्वारीचं कौतुक पुरे करा. कर्ब बघाल तर ज्वारी न् गहू जवळपास सारखेच, शंभर ग्रॅमला 65 च्या पुढं. 70 ग्रॅम पिठाची एक भाकरी धरा, 45 ग्रॅम तिथंच संपले. किटोवाले, म्हणजे कर्ब जवळपास तोडून चरबीवर राहणारे, अख्ख्या दिवसाला 50 च्या आत राहतात.

काळं रान
ज्वारीचा हिशोब बरोबर आहे. झालं समाधान? इन्सुलिनचं मात्र अर्धंच सांगितलं. चरबी मोकळी झाली म्हणजे जळाली असं नाही. ताटात तूप-पनीर ओतलं तर शरीर आधी तेच जाळतं, पोटावरची आहे तिथंच बसते. शेवटी पोटात कमी गेलं म्हणून उतरता.

स्टॅनफर्डमध्ये गार्डनर आणि मंडळींनी 609 जणांना वर्षभर दोन गटांत ठेवलं, एकाला कर्ब कमी, दुसऱ्याला चरबी कमी. 2018 ला छापून आलं. सरासरी 6 किलो विरुद्ध 5.3. म्हणजे फरक नाहीच. पण दोन्ही गटांत कुणाचे वीस-पंचवीस किलो गेले, तर कुणाचं उलट वाढलं.

हलकाफुलका
मग मी त्या वीस-पंचवीसवाल्यांतला. स्टॅनफर्डवाल्यांना आमच्या गल्लीतले भजे माहीत नाहीत.

उस्मानाबादी शेळी
हे खूळ नवं नाही. 1863 मध्ये लंडनच्या बँटिंग नावाच्या शवपेट्या करणाऱ्या माणसानं ब्रेड, साखर, बटाटे, बियर सोडून वजन उतरवलं आणि त्यावर पुस्तिका काढली. तेव्हापासून दर पिढीला नव्यानं शोध लागतो. आपल्याकडं तर कुणी म्हणतं दिवसात दोनच जेवणं, प्रत्येक 55 मिनिटांच्या आत, कुणी म्हणतं दर दोन तासांनी खा. आता हे.

आंबाडी
तुम्ही सगळे पुरुषच दिसायलात, म्हणून विचारते. हे वेगळं ताट बनवतंय कोण? आमच्याकडं काठवटीत पीठ मळलेलं, तवा तापलेला, सासूबाईंना मऊ भाकर, लेकरांना चपाती, आणि ह्यांचं म्हणणं "मला फक्त पनीर परत." तीन जेवणं, बाई एक. वर शेजारणीला सांगतात, मी किती संयमानं राहतो. परवा रात्री साडेदहाला पाणी प्यायला उठले तर टोपल्यातली कोरभर भाकर ठेच्याला लावून खाताना सापडले. दिवा न लावता.

हलकाफुलका
ताई, मी माझी अंडी मीच उकडतो.

आंबाडी
भांडं कोण घासतं?

कडबा
ह्या वादात ज्वारीला कुणी वालीच नाही. साखर म्हणायलात ती भाकरी आता आहे तरी कुठं? आमच्या परभणीकडं रानंच्या रानं सोयाबीनखाली गेली. शाळू काढायचा तर मुळासकट उपटायचा, कमरेचं कडं मोडतं, मजूर मिळत नाही. डुकरं, पाखरं वेगळीच. सोयाबीनला मशीन येतं, तासाभरात मोकळं. रेशनवर वर्षानुवर्षं गहू-तांदूळ, म्हणून लेकरांना भाकर गिळत नाही. 2023 ला भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, भाषणं झाली. मी परभणी मोती ह्या वाणाची ज्वारी पेरली दोन एकर. कडब्याचे पैसे झाले, दाण्याचे नाही.

काळं रान
मामा, मजुराचं सोडा, गुडघाभर पाण्याचा ऊस कोण लावतं? लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते 2016 विसरलात?

कडबा
ऊस मी लावला का? ज्याच्या विहिरीला पाणी त्यानं लावला. कोरडवाहूवाल्याला शिकवू नका! 72 च्या दुष्काळात लाल मिलो, ती बाहेरून आलेली ज्वारी, खाऊन आम्ही दिवस काढले, तेव्हा कर्ब मोजत नव्हतो.

उस्मानाबादी शेळी
मामा, 72 ला कुणाचंच पोट सुटलेलं नव्हतं, एवढं मात्र हलकाफुलकाच्या बाजूनं.

कडबा
हे हसण्यावारी न्यायचं नाही.

गोदाकाठ
नांदेडहून लिहितो. मास्तरकीतून रिटायर, साखर चौदा वर्षांपासून. अशीच एक पोस्ट वाचून मीही भाकरी-भात तोडला. साखर उतरवायची गोळी मात्र तीच, ग्लिमेपिराइड. चौथ्या दिवशी बसस्टँडवर घाम फुटला, हात कापायले, पाटी वाचता येईना. रसवंतीवाल्या पोरानं अर्धा ग्लास पाजला म्हणून आज लिहायलोय. डॉक्टर म्हणाले, कर्ब कमी करता तर गोळी पण कमी करावी लागते, आधी विचारायचं होतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळावं. आणि साखरेच्या ज्या गोळ्यांचं नाव ग्लिफ्लोझिननं संपतं त्या चालू असतील तर किटोच्या वाटेला जाऊ नये, रक्तात आम्ल चढून दवाखाना गाठावा लागतो.

पण खोटं का बोलू, नंतर गोळी बदलून एक वेळ अर्धी भाकरी ठेवली, चहा बिनसाखरेचा केला. तीन महिन्यांची साखर 8.9 वरून 7.1 वर आली.

हलकाफुलका
बघा! सर माझ्याच बाजूचे.

काळं रान
अर्धी भाकरी ठेवली म्हणतात ते. डोळे तपासा.

हलकाफुलका
बरं, "भाकरी म्हणजे साखरच" हे जरा जोरात बोललो. गोळीवाल्यांनी विचारून करा, हेही पोस्टमध्ये टाकतो. आईंना नमस्कार सांगा. पण पोहे परत खाणार नाही.

आंबाडी
आणि येळवशीला, वेळ अमावस्येला?

हलकाफुलका
आंबिल घेईन. पिठाचा उंडा एकच.

आंबाडी
रानात जेवायला बसल्यावर मोजायला मी येते.