एक्सप्रेस की विंगमास्टर: पैसे नुसत्या पॉलिशचे नाहीत

मळहद्द:
गेल्या आठवड्यात या मंचावरच्याच एका सदस्याने लिहिले की रेमिंग्टन 870 या छऱ्यांच्या पंप बंदुकीच्या (पुढची मूठ मागे-पुढे ओढून रिकामे काडतूस काढायचे आणि नवे भरायचे) एक्सप्रेस आणि विंगमास्टर या दोन आवृत्त्यांत फरक फक्त पॉलिशचा आहे, आणि जास्त पैसे मोजून विंगमास्टर घेणारा माणूस शिकारीला जात नाही, मिरवायला जातो. हे वाक्य मला चार दिवस खुपते आहे, म्हणून आज सविस्तर लिहितो.

दोन्हींचा सांगाडा एक आहे, हे मान्य. पोलादाच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेला रिसीव्हर (यंत्रणा सामावणारा मधला भाग), पंपाच्या दोन पट्ट्या, नळीच्या मागच्या टोकात अडकून काडतुसाची वाट बंद करणारा बोल्ट, हे सारे दोहोंत सारखे. पण 1987 साली एक्सप्रेस आली ती किंमत उतरवण्यासाठीच, आणि तेव्हा जे वगळले गेले ते कारागिराच्या हाताचे काम होते. चकचकीत ब्लूइंगऐवजी, म्हणजे पोलादावरच्या निळसर-काळ्या झिलईऐवजी, निस्तेज, खरबरीत पृष्ठभाग आला. अक्रोडाच्या दस्त्याजागी साधे लाकूड आणि नंतर प्लास्टिक आले. चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा, हेही विंगमास्टरइतके घोटलेले राहिले नाही. सगळे बाहेरच्या चकाकीबद्दल वाद घालतात. मला चेंबरबद्दल बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मी पूर्व साउथ डकोटात पाणकणसांच्या कडेने चालत होतो. हातात मित्राकडून मागून आणलेली एक स्वस्त पंप होती. ती कोणत्या कंपनीची, हा इथे मुद्दा नाही. त्या केंद्र सरकारच्या पाणथळ क्षेत्रात फेजंट या कोंबडीवर्गीय रानपक्ष्यालाही शिशाचे छरे चालत नाहीत, म्हणून पोलादी छऱ्यांची काडतुसे भरली होती. नर पक्षी पायाखालून उठला, पहिल्या बाराने त्याचा पंख मोडला, तो खाली पडला आणि मान ताठ करून पळू लागला. मी पंप मागे ओढला, तर तो हललाच नाही. रिकामे काडतूस चेंबरात रुतून बसले होते. अखेर दस्ता जमिनीवर आपटल्यावर ते निघाले, आणि त्याच्या बुडावर नखाला लागतील असे गोल ओरखडे होते. तोवर पक्षी पाणकणसांत शिरला होता. पाऊण तास शोधूनही तो सापडला नाही. त्या दुसऱ्या बारासाठी मी जास्त पैसे मोजतो, आणि त्याला कोणी मिरवणे म्हटले तर मला राग येतो.

हुरॉनकाठ:
ज्या सदस्यावर आपण रागावलात तो मीच, त्यामुळे उत्तर देणे भाग आहे. पक्ष्याबद्दल मलाही वाईट वाटले, पण आपल्या गोष्टीतील गुन्हेगार बंदूक नसून काडतूस आहे. स्वस्त काडतुसांचे बूड पितळी दिसते, पण पुष्कळदा ते पितळेचा मुलामा दिलेले लोखंड असते. पितळ बार उडताच फुगते आणि लगेच आकसते. लोखंड तितके आकसत नाही आणि चेंबरला धरून बसते. त्यातच मागून आणलेली बंदूक, म्हणजे तिच्या चेंबरातून ब्रश शेवटचा कधी फिरला होता, हे आपल्याला ठाऊकही नसणार.

आणि विंगमास्टरचे सोवळे कशासाठी? 1950 साली 870 बाजारात आली तेव्हा तीच स्वस्त बंदूक होती. मोठ्या प्रमाणावर, कमी खर्चात बनवता यावी म्हणून तिच्यात ठशाने कापलेले सुटे भाग वापरले होते, आणि तिच्यासमोर विंचेस्टरची मॉडेल 12 होती, जिचे भाग यंत्रावर कातून हाताने जुळवले जात. त्या काळचे जाणकार 870 कडे पाहून नाक मुरडत असणार, जसे आपण आज एक्सप्रेसकडे पाहून मुरडता. शेवटी मॉडेल 12 चा खर्च परवडेना आणि 1964 मध्ये तिचे नियमित उत्पादन थांबले.

मी मिशिगनमधल्या सॅगिनॉ उपसागरात बदकांच्या शिकारीला जातो. बंदूक होडीच्या तळाशी चिखलात पडते, वल्ह्याखाली येते. तिथे चकाकणारी नळी बदकांना लांबूनच दिसते. निस्तेज नळी ही उणीव नसून सोय आहे. वाचलेल्या पैशांत मी ऑगस्टभर मातीच्या तबकड्यांवर नेमाचा सराव करतो. जखमी पक्षी कमी व्हावेत असे खरोखर वाटत असेल, तर पैसे तिथे खर्च करा.

मळहद्द:
आपण सराव करता आणि मी करत नाही, हे आपण कशावरून ठरवलेत? उचलली जीभ लावली टाळ्याला, असे करू नये. मॉडेल 12 चा मुद्दा बिनतोड आहे, तो नाकारत नाही. पण ज्या खरबरीत पृष्ठभागाला आपण सोय म्हणता, त्याच्यावर ओल टिकते आणि गंज लवकर धरतो, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत.

हुरॉनकाठ:
गाळले नाही. गंज धरतो. एकदा मी भिजलेल्या कव्हरात बंदूक रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी रिसीव्हरवर तांबूस पूड दिसली; चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून घरी आल्यावर जेवणाआधी तेलाचे फडके फिरवतो. हे दोन मिनिटांचे काम टाळण्यासाठी कोणी काहीशे डॉलर मोजत असेल, तर त्याने खुशाल मोजावेत.

डावखुरी:
आपण दोघे नळीच्या आतबाहेर भांडत आहात, पण बंदूक खांद्याला लागते की नाही, हे कोणीच विचारत नाही. माझी उंची पाच फूट एक इंच, आणि मी डावरी आहे. एक्सप्रेस असो वा विंगमास्टर, दोन्हींचा पूर्ण आकाराचा दस्ता सुमारे 14 इंचांचा. पहिल्या वर्षी यजमानांची बंदूक घेऊन विस्कॉन्सिनात गेले, वर हिवाळी कोट. दस्ता खांद्याच्या खोबणीत बसेना, दंडावर बसे. संध्याकाळी दंड काळानिळा झाला होता, आणि दिवसभरात एकही पक्षी पडला नव्हता.

डाव्या हाताने चालवणाऱ्यांसाठी स्वस्त-महाग हा भेद पॉलिशचा नसतोच. मॉसबर्ग 500 या दुसऱ्या कंपनीच्या पंप बंदुकीचे सेफ्टीचे (चाप अडवून धरणारे) बटण रिसीव्हरच्या वर, अंगठ्याखाली असते, त्यामुळे दोन्ही हातांना सारखे. तिचीच स्वस्त बहीण मॅव्हरिक 88; तिचे बटण चापाजवळ आडवे असते आणि ते उजव्या बोटासाठी बसवलेले असते. तिथे वाचवलेले पैसे मला प्रत्येक बाराला भोवतात.

मळहद्द:
ताई, आपला अनुभव मोलाचा आहे, परंतु चर्चा एक्सप्रेस आणि विंगमास्टरची चालली आहे. डाव्या हाताची बटणे 870 साठीही वेगळी मिळतात.

डावखुरी:
मिळतात, पण ती विकत घ्यावी लागतात, बसवून घ्यावी लागतात, आणि रिकामे काडतूस तरीही माझ्या डोळ्यांसमोरूनच उडते. म्हणून मी शेवटी खालून काडतूस टाकणारी ब्राउनिंग बीपीएस घेतली. विषयांतर मी करत नाही. आपला पक्षी दुसरा बार न उडाल्यामुळे गेला, हे खरे. पण पहिल्या बाराने फक्त पंखच का मोडला? मागून आणलेली बंदूक आपल्या मापाची होती का, हे आपण पाहिले होते का?

मळहद्द:
हे बोलणे मला लागले. बावीस वर्षे बंदूक हाताळणाऱ्याला आपण माप शिकवता आहात.

जुना अक्रोड:
आवाज जरा खाली घ्या. ताईंनी विचारले त्यात अपमान नाही. माप पाहायची रीत सोपी आहे: रिकामी बंदूक, रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, कोट घालून, डोळे मिटून खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. नाक आणि दस्त्यावरचा अंगठा यांत दोन बोटांचे अंतर हवे. अंगठा नाकाला टेकत असेल तर दस्ता आखूड. दस्ता वर आणताना काखेत अडकत असेल तर लांब. हिवाळी कोट सहज अर्धा इंच खातो. आपले बहुतेक मराठी लोक इथल्या, अमेरिकेतल्या सरासरी उंचीचे नसतात, तरी दुकानदार देईल तीच बंदूक मुकाट्याने घेऊन येतात.

मूळ प्रश्नावर माझे मत थोडक्यात. दोन्ही नव्या घेऊ नका. जुन्या बाजारातील साठ-सत्तरच्या दशकातली विंगमास्टर शोधा. पुष्कळदा ती नव्या स्वस्त बंदुकीच्या किमतीत मिळते. चेंबर जुने, आखूड काडतुसांचे असेल तर तीन इंची काडतुसे चालणार नाहीत, आणि जुन्या घट्ट चोकमधून (नळीच्या तोंडाचा आवळलेला भाग) पोलादी छरे उडवू नयेत, एवढे विचारून घ्या. ज्या इलियन गावात त्या घडल्या, तिथला कारखाना मार्च 2024 मध्ये बंद झाला. न्यूयॉर्क राज्यातले ते गाव दोनशे वर्षे याच कामावर जगले होते. मी एकदा त्या रस्त्याने गेलो आहे, आणि त्या लाल विटांच्या इमारती आठवल्या की अजून वाईट वाटते.

हुरॉनकाठ:
जुन्या विंगमास्टरला माझा विरोध नाही, कारण तिथे पैसे नावाचे नसून वस्तूचे असतात. पोलादी छऱ्यांची अट मात्र मला अडते: 1991 पासून पाणपक्ष्यांना अमेरिकाभर शिसे बंद आहे, आणि माझी शिकार बदकांची. मळहद्द यांच्यासारख्या फेजंटवाल्याला खासगी शेतात ती चालेल, एवढे मी मान्य करतो. याहून जास्त नाही.

डावखुरी:
आणि दस्ता?

मळहद्द:
काल रात्री कोट घालून, डोळे मिटून पाहिले. माझी विंगमास्टर बरोबर बसते. पण मित्राची ती पंप पुन्हा मागून आणून पाहिली, तर दस्ता काखेत अडकला. ताईंचे म्हणणे खरे निघाले. चेंबरबद्दलचे माझे मत तरीही तसूभर बदललेले नाही.

यंदा मुलगी तेरा वर्षांची होईल. तिच्यासाठी वीस बोअरची (नेहमीच्या बारा बोअरहून बारीक नळीची) जुनी विंगमास्टर घेऊन ठेवली आहे आणि त्या बंदुकीचा दस्ता कापायचा विचार होता. आता तो अक्रोडाचा दस्ता कापणार नाही. त्याच बोअरच्या एक्सप्रेसचा मुलांसाठीचा आखूड प्लास्टिकचा दस्ता त्या बंदुकीला बसतो, तो मागवला आहे. अक्रोडाचा दस्ता तेल लावून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवतो. मुलीची उंची वाढली की लावू. हुरॉनकाठ यांना त्यात आपला विजय दिसेल, तर दिसो.