मदत हवी आहे: वेताच्या जुन्या कोचावर पांढरं सावट आलंय, काय लावू?

चिऱ्याची_भिंत
तीन माणसांचा वेताचा कोच आहे, आमच्या गोव्यातल्या घरात त्याला 'कानापे' म्हणतात. पावसाळा सुरू झाल्यापासून लाकडावर पांढरट सावट आलंय, पुसलं तरी जात नाही. बैठकीची जाळीही पुढच्या कडेला दोन-तीन ठिकाणी तुटलीय आणि मधे झोळ पडलाय. चतुर्थीला पाहुणे येणार. काय लावू ते लवकर सांगा, कृपया. दुकानदार पाच वेगवेगळ्या बाटल्या दाखवतो.

फोंड्याचा
खोबरेल तेलात लिंबू पिळा, मऊ कापडानं चोळा. लगेच चमकतं.

रंधा_पटाशी
खोबरेल कधीही वाळत नाही. चिकट थर राहतो, त्यावर धूळ बसते आणि श्रावणात बुरशी धरते. असले उपाय देऊ नका.
भाऊ, आधी हे सांगा: लाकूड कुठलं? वर लाखेचं पॉलिश आहे की मेलामाईन, पीयू असलं कडक रासायनिक पॉलिश? सावट सगळीकडे आहे की ठरावीक भागावर? कोच भिंतीला टेकलाय का? हे कळल्याशिवाय बाटलीचं नाव कसं सांगणार?

चिऱ्याची_भिंत
ताई आहे हो मी. लाकूड काळपट, बहुधा शिसवी. पॉलिशचं माहीत नाही, जुनंच असणार.

आंब्याची_फळी
खाली पिठासारखी पूड पडते का? पडत असेल तर तो भुंगा. बारीक भोकं शोधा, सिरिंजनं औषध भरा, वरून मेणानं बुजवा.

रंधा_पटाशी
त्यांनी पुडीचा शब्दही काढलेला नाही. शिसवीच्या गाभ्याला भुंगा क्वचितच लागतो, लागलाच तर कडेच्या फिकट लाकडाला.
ताई, दोन परीक्षा करा. पहिली: ओल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडं करा. पांढरं निघालं तर बुरशी, राहिलं तर पॉलिशच्या थरात अडकलेली ओल. दुसरी: बैठकीच्या चौकटीला खालच्या बाजूनं, जिथे दिसणार नाही तिथे, कापसाच्या काडीनं स्पिरिटचा एक थेंब ठेवा. मिनिटभरानं बोट लावा. चिकट झालं तर लाख. नाही झालं तर शेजारी थिनरचा थेंब. त्यानं मऊ पडलं तर एनसी लॅकर (नायट्रोसेल्युलोजचं पॉलिश). दोन्हींनी काही झालं नाही तर मेलामाईन किंवा पीयू. ही परीक्षा पाठीवर आणि पुढच्या पट्टीवर वेगवेगळी करा.

जुनं_घर
एक विचारतो: कोचाचे पाय वाकडे आहेत की सरळ निमुळते? वाकडे असतील तर पोर्तुगालचा राजा दों जुझे याच्या काळातला म्हणजे १७५० ते १७७७, सरळ असतील तर त्याच्या मागून आलेल्या राणी दोना मारियाच्या काळातला. लाख रुपयांची वस्तू असू शकते, बाहेरच्या गिऱ्हाइकाला दाखवून बघा.

वेताची_जाळी
पायावरून गोव्यात काळ ठरत नाही हो. इथल्या मेस्तांनी (सुतारांनी) तेच वाकडे पाय आणि तीच पाठ पुढच्या पिढ्यांतही घडवली, विसाव्या शतकापर्यंत. काळ बघायचा तर कोच उलटा करा. स्क्रू टोकदार असतील तर ते १८५०च्या आसपासचे किंवा नंतरचे, कारण त्याआधीचे स्क्रू बोथट असत आणि त्यांच्या माथ्याची खाच बऱ्याचदा मधोमध नसे. फळीच्या न रंधलेल्या बाजूला गोल चापासारख्या खुणा म्हणजे यंत्राची करवत. सरळ समांतर खुणा मात्र जुनेपणाचा पुरावा नव्हेत, हातकरवत इकडे खूप उशिरापर्यंत चालली. आणि 'बाहेरच्या गिऱ्हाइकाला' म्हणजे? १९७२च्या कायद्यानं शंभर वर्षांवरची कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही.

फोंड्याचा
मग आमच्याकडच्या खणांच्या पेटीवर हस्तिदंताचं जडावकाम आहे, ते विकता येईल का?

वेताची_जाळी
हस्तिदंत असेल तर नाही. देशात त्याचा व्यापार बंद आहे. आधी भिंग घेऊन बघा. हाडात काळे बारीक ठिपके आणि छोट्या रेघा दिसतात, हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते. पण हा धागा कोचाचा आहे, दादा.

चिऱ्याची_भिंत
परीक्षा केली. पुसून गेलं नाही. पाठीवर स्पिरिटनं चिकट झालं. पुढच्या पट्टीवर आणि कोचाच्या हातांवर कशानंच काही नाही. आत्ता आठवलं, मे महिन्यात एकानं 'चमक आणून देतो' म्हणून पुढून काहीतरी फवारलं होतं. कोच बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला टेकलेला आहे, ती भिंत पाझरते.

रंधा_पटाशी
हे आधीच सांगितलं असतंत तर दहा प्रश्न वाचले असते. म्हणजे दोन वेगळे आजार आहेत.
पाठीवर नुसती लाख आहे, ती सुधारेल. त्या आधी कोच भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, पायांखाली लाकडाच्या चकत्या द्या (लादी पुसताना पाय भिजतात, ओल तिथूनही वर चढते) आणि चार दिवस पंख्याखाली ठेवा. मग पाऊस नसलेल्या दुपारी सुती कापडात कापसाचा बोळा बांधा, स्पिरिट लावून तो जवळपास कोरडा होईपर्यंत पिळा आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेनं हलक्या हातानं एकदा फिरवा. लाखेचा वरचा थर मऊ होऊन अडकलेली वाफ निघते. बोळा एका जागी थांबवला तर पॉलिश उचलून येतं. नवा थर हवा असेल तर लिटरभर स्पिरिटात १५० ते २०० ग्रॅम चपडा (लाखेच्या पातळ पापड्या), गाळून. बाजारच्या स्पिरिटात पाणी असेल तर नवा थरही दुधासारखा होईल, म्हणून बंद डब्यातलंच घ्या.
पुढच्या पट्टीवर लाखेवर मेलामाईन किंवा पीयू चढवलंय, असं दिसतं. ते स्पिरिटला दाद देणार नाही. आत्ता हात लावू नका, नोव्हेंबरात हवा कोरडी झाली की बघू. मेण तर मुळीच नको, ओल आतच कोंडेल.

आंब्याची_फळी
काचकागदानं घासून काढून टाका ना, अर्ध्या दिवसाचं काम. उगाच नोव्हेंबरची वाट कशाला?

रंधा_पटाशी
कोरीव पानांच्या कडा एका दिवसात गोल करून टाकायच्या असतील तर घासा. शिवाय शिसवीच्या धुळीनं कातडीला खाज आणि श्वासाला त्रास होतो. हवा कोरडी झाली की पेंट रिमूव्हर लावून थर फुगू द्यायचा, लाकडी पातीनं खरवडायचा, कोरीवात जुना दातांचा ब्रश. हातमोजे घाला, दार-खिडक्या उघड्या ठेवा.

आंब्याची_फळी
जाळीचं काय? यंत्राची तयार जाळी मिळते, तासाभरात बसते.

वेताची_जाळी
तयार जाळीला चौकटीभोवती खोबण पाडावी लागते. या कोचाच्या चौकटीला ओळीनं भोकं आहेत का, ताई? असतील तर खोबण पाडली की ती भोकं कापली जातात, चौकट कमजोर होते आणि पुन्हा कधी हातानं विणता येत नाही. हातानंच विणून घ्या. भोकांची मधल्यापासून मधल्यापर्यंतची अंतरं मोजा: अर्धा इंच असेल तर वेत सव्वादोन मिलिमीटरचा, पाऊण इंच असेल तर तीन मिलिमीटरचा. जाड घेतलात तर सहाव्या फेरीपर्यंत भोक गच्च होतं आणि तिरपी पट्टी शिरतच नाही. क्रम असा: उभी, त्यावर आडवी, पुन्हा उभी किंचित सरकवून, चौथी आडवी मात्र विणून, मग दोन तिरप्या, शेवटी कडेची बांधणी. चकाकती बाजू वर, वेत कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवलेला.
पुढचीच कड का तुटली ते बघा. चौकटीच्या पुढच्या पट्टीची आतली कड धारदार असते, बसताना वेत तिथेच घासतो. विणण्याआधी ती कड जरा बोथट करून घ्या.

चिऱ्याची_भिंत
भोकं आहेत, अर्ध्या इंचावर. विणणारा चतुर्थीनंतरच येईल म्हणतो. तोवर झोळ?

वेताची_जाळी
जिथे पट्ट्या शाबूत आहेत तिथे खालच्या बाजूनं ओलं फडकं अर्धा तास लावा, रात्रभर वाळू द्या, तोवर कुणी बसू नका. वेत वाळताना आखडतो. तुटलेल्या कडेला मात्र कुणाला बसवू नका, वर एखादी उशी ठेवा.

जुनं_घर
जाता जाता: चांदोरचं मेनेझिस ब्रागांझा घर, लोटलीचं फिगेरेदो घर बघून या. असे कोच कुठे ठेवत, भिंतीपासून किती अंतरावर, ते कळेल.

चिऱ्याची_भिंत
चतुर्थी होऊ दे, मग जाते. बोळ्याला कापड कुठलं?

रंधा_पटाशी
जुनं, अनेकदा धुतलेलं सुती धोतर. कांजी नको आणि शिवणीची कड आत दुमडा, नाहीतर प्रत्येक फेरीला ओरखडा उठेल. लाख चढवताना बोळ्याला अळशीचं तेल लावलंत तर ते फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेटतं. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.