मार्चमध्ये फणसाडला एक दिवस: फुलपाखरं दिसतील का?

पाणकोंबडी
मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अलिबागहून फणसाड अभयारण्यात सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचा बेत आहे. सोबत दहा वर्षांची मुलगी. मुख्य ओढ फुलपाखरांची, जमलं तर शेकरू. रान सुकल्यावर फुलपाखरं नसतातच, असं काहीजण म्हणतात. खरं आहे का? ८×४२ दुर्बीण आणि ७०-३०० लेन्स आहे.

रुईवाला
जाती आणि संख्या सप्टेंबर-ऑक्टोबरातच जास्त, त्यात वाद नाही. पण तेव्हा ती रानभर पांगलेली असतात. मार्चमध्ये ओल उरते ती गाणांपाशी (फणसाडात पाणवठ्याला गाण म्हणतात), आणि मातीतले क्षार शोषायला नर तिथेच जमतात. त्यामुळे पायपीट नको. चिखलगाणासारखी एकच जागा धरा आणि बसा.

वेळ नऊ ते साडेअकरा. त्याआधी पंख तापलेले नसतात, बारानंतर बरीचशी सावलीला जातात. पाण्याला चिकटून बसू नका, पंचवीस-तीस फूट मागे बसा, नाहीतर भेकर-सांबर पाण्यावर यायची टाळतात. चिखलावर थवा बसला की वाकून, सावली त्यांच्यावर न पाडता पुढे सरका. उडाली तर जागचं हलू नका. पाचेक मिनिटांत बहुतेक वेळा त्याच ओल्या पट्ट्यावर परत उतरतात. ब्लू बॉटल, टेल्ड जे आणि पिअरिड कुळातली पिवळी-पांढरी फुलपाखरं हमखास. नीलवंत आला तर नशीब; तो आपला राज्य फुलपाखराचा मानकरी, पण एका जागी फार टिकत नाही.

सावलीतल्या पाचोळ्यावरही नजर ठेवा. इव्हनिंग ब्राउन या फुलपाखराच्या कोरड्या ऋतूतल्या रूपात पंखांखालचे डोळ्यांसारखे ठिपके जवळजवळ पुसलेले असतात. पाय पडेपर्यंत ते वाळकं पानच वाटतं.

झूमप्रेमी
लेन्स पुरेल. ३०० वर, एफ/८, शटर १/६४० च्या खाली नको. सेन्सर पंखांना समांतर धरा, नाहीतर एक पंख स्पष्ट आणि दुसरा धुरकट. दुर्बीण किती जवळचं दाखवते ते घरीच तपासा. अडीच मीटरच्या आत फोकस होत नसेल तर ती फक्त पक्ष्यांसाठी. डासांचं मलम लावलेल्या हातांनी दोन्हीला हात लावू नका, मलमातल्या डीईईटी या रसायनाने प्लास्टिक विरघळतं.

मिठाचं पाणी किंवा सडलेलं केळं ठेवून फुलपाखरं बोलवता येतात, असं कुणी सुचवेल. अभयारण्यात ते करू नका. माकडं आधी येतात.

सुपेगावकर
रोहा-मुरुड रस्त्यावर सुपेगावचं प्रवेशद्वार आहे. उजाडताना पोहोचा, पहिले दोन तास शेकरूला द्या. आधी फांद्यांच्या बेचक्यातली पानांची मोठी गोल घरटी शोधा, मग खडखडाटासारखा आवाज आला की वर बघा. पानगळ झालेली असल्याने या दिवसांत सोपं जातं. दहाच्या सुमारास हवा तापली की आकाशातही बघा, पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं घिरट्या घालतात. नेमकं चिखलावर गर्दी असतानाच.

सगळ्यात मोठा त्रास खाजकुयलीचा. मार्चमध्ये शेंगा वाळून सोनेरी कुसं उडतात. मुलीला पूर्ण बाह्या आणि लांब पँट घाला, वेलींना टेकू देऊ नका. लागलीच तर चोळायचं नाही. चिकटपट्टी दाबून उपटायची, कुसं निघाल्यावर साबणाने धुवायचं. गवतात गोचिडही असतात, पँट मोज्यांत खोचा. माणशी तीन लिटर पाणी बरोबर घ्या, गाणाचं पाणी पिऊ नका.

पाणकोंबडी
चिकटपट्टी यादीत लिहिली. गावाजवळ रुईची झुडपं आहेत का? प्लेन टायगरच्या अळ्या मुलीला दाखवायच्या आहेत.

रुईवाला
रस्त्याकडेला मिळते. पानांची खालची बाजू बघा: काळे-पांढरे-पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. पान तोडू नका, चीक डोळ्यांत गेला तर दवाखाना गाठावा लागेल.