मदत हवी आहे: पायथन ३.६ वर 'क्रिप्टोग्राफी' लायब्ररी बसेना, आणि पायथन बदलता येत नाही

रात्रीचाक्रॉन

नमस्कार मंडळी,

रॉकी लिनक्स ८ चा सर्व्हर आहे, त्यावर सिस्टिमचा पायथन ३.६.८. रोज रात्री एक स्क्रिप्ट चालते. पॅरामिको ही लायब्ररी वापरून एसएफटीपीवरून (सुरक्षित फाइल-देवाणघेवाण) एक्सेल फाइल्स ओढायच्या, पांडाज या टेबलांच्या लायब्ररीने साफ करायच्या, मग एका तयार मॉड्यूलमधून आकडेमोड करून घ्यायची आणि निकाल डेटाबेसमध्ये टाकायचा. जुन्या मशीनवर हे बिनतक्रार चालत होतं. आता नवीन मशीनवर तेच उभं करायचंय, तर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच (या स्क्रिप्टच्या लायब्रऱ्यांची वेगळी खोली) पूर्ण होत नाही.

रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये नुसती नावं आहेत, व्हर्जन एकाचंही नाही (फाइल माझ्या आधीपासूनची). नमपाय (आकड्यांची लायब्ररी) आणि पांडाज मुकाट बसतात. पॅरामिकोला लागणाऱ्या क्रिप्टोग्राफीपाशी गाडी अडते. 'सेटअपटूल्स_रस्ट' नावाचं मॉड्यूल सापडलं नाही म्हणतो. ते दिलं तर रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचा कंपायलर मागतो. कंपायलर टाकला तर पानभर लाल अक्षरं. एक फाइल उतरवून घ्यायला रस्ट कशाला लागतं, हेच डोक्यात शिरत नाहीये.

'नवीन पायथन टाका' हे उत्तर कृपया लगेच देऊ नका. आकडेमोडीचं मॉड्यूल बाहेरच्या कंपनीने दिलंय. सोर्स नाही, एकच कंपाइल केलेली फाइल. तिच्या नावात 'सीपायथन-३६एम' आणि शेवटी '.एसओ'. ३.९ मध्ये इंपोर्ट केलं तर असं मॉड्यूलच नाही म्हणतो. नवीन बिल्ड मागितलाय, 'बघतो' असं उत्तर आलंय.

क्रिप्टोग्राफीचं कुठलं व्हर्जन ३.६ वर चालतं? की रस्टचाच नाद धरून बसू?

खटपट्या

३.६ चा आधार २३ डिसेंबर २०२१ ला संपला. मेलेल्या घोड्याला चाबूक मारून काय होणार? पायथन बदला.

रात्रीचाक्रॉन

@खटपट्या, वरचा तिसरा परिच्छेद वाचा हो.

व्हीलवाला

रस्टचा नाद सोडा. एन्व्हायर्नमेंटच्या आतला पिप (लायब्रऱ्या बसवणारं साधन) कुठला आहे ते सांगा.

रात्रीचाक्रॉन

९.०.३.

व्हीलवाला

मग दुखणं तिथेच आहे. क्रिप्टोग्राफीचा यात काही दोष नाही.

रेड हॅट ८ आणि त्याच्या भावंडांवर (रॉकी त्यातलंच) ३.६ ची नवी एन्व्हायर्नमेंट केली की आत हाच पिप येतो. तो ९ मालिकेतला, म्हणजे २०१६ च्या शेवटी सुरू झालेल्या मालिकेतला. त्याला 'हे पॅकेज कुठल्या पायथनवर चालतं' ही खूण वाचता येते, त्यामुळे तो क्रिप्टोग्राफीचं ३.६ ला चालणारं शेवटचं व्हर्जन, म्हणजे ४०.०.२, बरोबर निवडतो. (४१ पासून ३.६ बंद.) इथवर त्याचं काही चुकत नाही.

पुढे घोळ होतो. लिनक्ससाठी तयार बिल्ड म्हणजे व्हील. ते कुठल्या सिस्टिमवर चालेल हे त्याच्या नावातच लिहिलेलं असतं. मेनीलिनक्स१ म्हणजे ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.५ किंवा पुढचं, मेनीलिनक्स२०१० म्हणजे २.१२, मेनीलिनक्स२०१४ म्हणजे २.१७. त्यानंतर नावातच थेट ग्लिबसीचा आकडा घालायला लागले. तुमच्या मशीनवर ग्लिबसी २.२८ आहे, यातलं काहीही चालेल. पण पिप ९ ला फक्त मेनीलिनक्स१ कळतं. २०१० वालं नाव पिप १९.० पासून कळायला लागलं, २०१४ वालं १९.३ पासून, आकड्यांची नावं २०.३ पासून. ४०.०.२ ची व्हील्स सगळी नव्या नावांची. पिपला त्यातलं एकही ओळखता आलं नाही, म्हणून त्याने सोर्स उचलला आणि तो बांधायला बसला. क्रिप्टोग्राफीचा सोर्स फेब्रुवारी २०२१ च्या ३.४ पासून बांधताना रस्ट मागतो. तुम्हाला दिसला तो एरर या सगळ्याचं शेवटचं टोक.

नमपाय आणि पांडाज का बसले, तेही यातूनच कळेल. ३.६ साठीची त्यांची शेवटची व्हर्जन्स, १.१९.५ आणि १.१.५, मेनीलिनक्स१ च्या नावानेही निघाली होती.

एन्व्हायर्नमेंट सुरू करून आधी फक्त पिप अपग्रेड करा. तो आपोआप २१.३.१ वर थांबेल, ३.६ साठीचा शेवटचा पिप तोच. मग सेटअपटूल्स, ते ५९.६.० वर थांबेल. मग बाकीची यादी. पॅरामिको ओढून आणतं त्या बीक्रिप्टचंही हेच रडगाणं होतं (४.० पासून त्यातही रस्ट आलं), तेही सुटेल. सिस्टिमच्या पिपला मात्र हात लावू नका, आणि रूट होऊन पिप चालवणं तर नकोच.

जाता जाता, त्या लाल अक्षरांत वर कुठेतरी 'डीबग असिस्टन्स' असं लिहिलेलं असेल. त्याखालची पहिलीच सूचना 'पिप अपग्रेड करून पुन्हा बघा' अशी आहे. बिचाऱ्यांनी लिहून ठेवलंय, पण कंपायलरच्या आरडाओरड्यात ते वाचतं कोण!

रात्रीचाक्रॉन

बसलं! रस्ट काढून टाकलं, नवी एन्व्हायर्नमेंट केली, पिप २१.३.१ आला आणि क्रिप्टोग्राफी सेकंदात आत. मनापासून आभार.

आता पुढची दोन दुखणी:

एक, तारखा वाचणारी एक छोटी लायब्ररी बसते, पण इंपोर्ट करताना 'फ्यूचर फीचर ॲनोटेशन्स इज नॉट डिफाइन्ड' म्हणून सिंटॅक्स एरर.

दोन, पांडाज एक्सेल वाचत नाही. 'एक्सेल एक्सएलएसएक्स फाइल, नॉट सपोर्टेड'. फाइल तीच, कोड तोच. जुन्या मशीनवर चालत होतं हे छातीठोक सांगतो.

सध्या_वाचनमात्र

पहिल्याचं सांगतो. ॲनोटेशन्सची ती ओळ पायथन ३.७ मध्ये आली. म्हणजे लायब्ररी ३.७ किंवा पुढच्यासाठी लिहिलेली आहे, पण लेखकाने पॅकेजमध्ये 'किमान पायथन' भरलेलं नाही. ते भरलं नसेल तर पिप कितीही नवा असो, सगळ्यात ताजं व्हर्जन आणून ठेवणार. लायब्ररीच्या पानावर जुन्या व्हर्जन्सची तारखांसकट यादी असते. डिसेंबर २०२१ च्या आधीचं एखादं उचला, चाललं तर तो आकडा पक्का करा. नाही चाललं तर आणखी मागे जा. कंटाळवाणं काम आहे, पण लहान लायब्ररीत दोन-तीन उड्यांत सापडतं.

व्हीलवाला

दुसरं जास्त मजेशीर आहे.

३.६ मुळे पांडाज १.१.५ वर अडकलंय. ते एक्सेल वाचायला काही सांगितलं नाही तर एक्सएलआरडी ही लायब्ररी वापरतं. एक्सएलआरडीने डिसेंबर २०२० मध्ये २.० काढलं आणि त्यात एक्सएलएसएक्स वाचणं काढून टाकलं, आता फक्त जुनी एक्सएलएस. पण एक्सएलआरडी २ स्वतः ३.६ वर मजेत चालतं, त्यामुळे पिपने ते बिनदिक्कत आणलं. म्हणजे पांडाज जुनं, एक्सएलआरडी नवं, दोघंही आपापल्या जागी '३.६ ला चालेल' म्हणणारी, आणि एकमेकांशी मात्र जमत नाही. पांडाजच्या लेखी एक्सएलआरडी ऐच्छिक आहे, सक्तीचं नाही. म्हणून व्हर्जन्स जुळवणारा पिपचा रिझॉल्व्हर ही जोडी तपासतच नाही, 'पिप चेक' चालवलंत तरी सगळं ठीक म्हणेल.

यावर दोन वाटा आहेत. एक्सएलआरडी १.२.० वर बांधून टाका, कोडला हात लावावा लागणार नाही. नाहीतर ओपनपायएक्सएल ३.० मालिकेतलं घ्या आणि एक्सेल वाचायच्या ओळीत इंजिन म्हणून त्याचं नाव द्या. मी दुसरी घेईन. पांडाज १.२ पासून एक्सएलएसएक्ससाठी तिकडेच वळलं आहे, उद्या पायथन बदलला तरी ती ओळ तशीच राहील.

आणि असं एकेक ठेचकाळत बसण्यापेक्षा, जुन्या मशीनवर 'पिप फ्रीझ' (बसलेल्या व्हर्जन्सची यादी) चालवता येईल का?

रात्रीचाक्रॉन

मशीन परत गेलं. बॅकअप आहे, पण त्यातला पायथन चालू करता येईल असं वाटत नाही.

व्हीलवाला

चालू करायची गरज नाही. बॅकअपमध्ये 'साइट-पॅकेजेस' फोल्डर शोधा. प्रत्येक लायब्ररीसाठी 'डिस्ट-इन्फो' ने संपणारं एक फोल्डर असतं, आणि त्याच्या नावातच व्हर्जन असतं. फोल्डरची नुसती यादी काढली तरी तुमची हरवलेली रिक्वायरमेंट्स फाइल हातात आली.

खटपट्या

ही युक्ती मलाही नवीन. घोड्याबद्दलचे शब्द मागे, पण मूळ मुद्दा तसाच आहे. ३.६ ला आता सुरक्षेचे पॅच येत नाहीत. रात्री बाहेरच्या सर्व्हरला जोडणारी स्क्रिप्ट आहे ही.

सध्या_वाचनमात्र

अर्धं बरोबर. पायथनवाल्यांनी ३.६ सोडलं, पण रेड हॅट ८ चा तो सिस्टिमचा पायथन आहे आणि रेड हॅट २०२९ पर्यंत त्यात दुरुस्त्या घालणार, रॉकीला त्या मिळतात. म्हणजे इंटरप्रिटर अगदीच वाऱ्यावर नाही.

खरी भोकं पिपने आणलेल्या गोष्टींत आहेत. क्रिप्टोग्राफीच्या व्हीलमध्ये ओपनएसएसएल (कूटलेखनाची मूळ लायब्ररी) आतच बांधलेलं असतं. सिस्टिमचं ओपनएसएसएल तुम्ही रोज अपडेट केलंत तरी ४०.०.२ च्या पोटातलं तसंच राहणार. नमपाय, पांडाज, सगळ्यांचं तेच. त्यामुळे खटपट्याशी मी सहमत आहे, फक्त कारण वेगळं.

व्हीलवाला

त्या '.एसओ' साठी सगळी स्क्रिप्ट ३.६ वर ठेवायचं कारण नाही. दोन भाग करा.

रॉकी ८ च्या रेपॉझिटरीत ३.११ आणि ३.१२ तयार मिळतात, सिस्टिमच्या पायथनशेजारी गुण्यागोविंदाने राहतात. फाइल ओढणं, एक्सेल, डेटाबेस हे सगळं तिकडे न्या. ३.६ ची एन्व्हायर्नमेंट ठेवा, पण आत ते मॉड्यूल आणि त्याला लागेल तेवढंच. स्टँडर्ड इनपुटवरून आकडे वाचायचे, मॉड्यूलला द्यायचे, उत्तर स्टँडर्ड आउटपुटवर छापायचं, इतकीच स्क्रिप्ट. मुख्य प्रोग्रॅम तिला सबप्रोसेस म्हणून चालवेल. हाक मारताना त्या एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनचा पूर्ण पाथ द्या, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारी सोय) 'ॲक्टिव्हेट' वगैरेच्या भरवशावर राहू नका.

देवाणघेवाण जेसनमध्ये किंवा सीएसव्हीत करा, पिकल (पायथनचा स्वतःचा साठवण-प्रकार) नको. पिकलचा पाचवा प्रोटोकॉल ३.८ मध्ये आला, ३.६ ला चौथ्यापर्यंतच वाचता येतं. प्रोटोकॉल हाताने खाली आणलात तरी नव्या पांडाजचा डेटाफ्रेम जुन्या पांडाजमध्ये नीट उघडेल याची हमी नाही. मॉड्यूलला नमपायचा ॲरे लागत असेल तर तो ३.६ च्या बाजूलाच जेसनमधून बनवा.

रात्रीचाक्रॉन

बॅकअपमधून यादी निघाली. एक्सएलआरडी १.२.० च होतं! तारखांच्या लायब्ररीचं जुनं व्हर्जनही तिथेच मिळालं, उड्या मारायची वेळ आली नाही. सध्या सगळे आकडे फाइलमध्ये पक्के करून कालची रात्र ३.६ वर काढली, आउटपुट जुन्याशी जुळलं.

दोन भागांचं काम हातात घेतोय. ३.६ च्या बाजूला फक्त मॉड्यूल आणि नमपाय १.१९.५ राहतील असं दिसतंय. एक शेवटचं: कंपनीकडून आज मेल आला, 'कुठल्या पायथनसाठी बिल्ड हवा ते कळवा'. ३.११ सांगू की ३.१२?

व्हीलवाला

आधी 'एबीआय३ बिल्ड देता येईल का' असं विचारा. तुम्ही बसवलेल्या क्रिप्टोग्राफीच्या व्हीलचं नाव बघा, त्यातही ३६ आहे, पण पुढे 'एबीआय३' लिहिलेलं आहे. ते ३.६ पासून पुढच्या सगळ्या पायथनवर चालतं, कारण ते फक्त स्थिर ठेवलेल्या सी एपीआयवर (पायथनशी बोलायचे ठरलेले दरवाजे) बांधलंय. तुमच्या फाइलमधलं '३६एम' म्हणजे ३.६ आणि फक्त ३.६. एबीआय३ मिळाला तर पुढच्या वेळी पायथन बदलताना त्यांच्याकडे हात पसरावे लागणार नाहीत.

मॉड्यूल नमपायच्या सी एपीआयला जोडलेलं असेल तर तेही विचारून घ्या, आणि कुठल्या नमपायवर बांधणार तो आकडा मेलमध्ये लिहून मागा. जून २०२४ च्या नमपाय २.० ने बायनरी सुसंगती मोडली आहे. १.x वर बांधलेलं मॉड्यूल २.x बरोबर चालत नाही, उलट २.० वर बांधलेलं बरंच मागच्या १.x बरोबरही चालतं. तेव्हा २.x वर बांधा म्हणावं.

एबीआय३ ला ते नाही म्हणाले तर ३.१२ सांगा.